सम्राट आणि अकरा शुभेच्छुक

२ एप्रिल, सकाळी
आजपासून मिळमिळीत शब्द बंद. 'बघू', 'चालेल', 'जमलं तर' हे पहिले हद्दपार. दिवसभर पितांबरनानांच्या फ्लेक्सच्या दुकानात बसून मी दुसऱ्यांच्या वाढदिवसाला दबदबा, दरारा, वर्चस्व, अधिराज्य टाइप करतो. काल एका पंक्चरवाल्याला 'हायवेचा बेताज बादशहा' केलं. ज्याच्या बोटांतून एवढे राजे निघाले, तो स्वतः प्रजेत कशाला?

वीस तारखेला माझा वाढदिवस. दहा बाय आठचा फ्लेक्स, थेट दिपमालाच्या घरासमोरच्या खांबावर. तिचा पोलीस भरतीचा निकाल कधीही लागेल, मग ती ट्रेनिंगला जाईल. त्याआधी तिच्या तोंडून होकार. हुकूम सुटला आहे.

३ एप्रिल
घरात सत्ता स्थापन. आईला सांगितलं, यापुढे इथे माझा शब्द शेवटचा. आई म्हणाली, बरं सरकार, संध्याकाळी काय करू? भरीत, मी फर्मावलं. म्हणाली, एप्रिलात भरताची वांगी तुमच्या दरबारात पिकतात का?

खिचडी खाल्ली. पण विषय मी काढला होता, हे इतिहास विसरणार नाही.

६ एप्रिल, पहाटे
भरतीची मैदानी चाचणी होऊन गेली तरी दिपमाला रोज ग्राउंडवर पळते. बेत असा की सोबत पळून निर्विवाद वर्चस्व. दीड राउंडनंतर मुक्काम लिंबाखाली हलवला. तिने विचारलं, हितू, बसलास का? म्हटलं, राजे पळत नाहीत, पाहणी करतात. म्हणाली, मग माझी बाटली धर.

धरली. तिची तहान आता पूर्णपणे माझ्या ताब्यात.

१२ एप्रिल
मजकूर पक्का. 'लाखो दिलांवर हुकूमत गाजवणारे, वरणगावचे अनभिषिक्त सम्राट, मा. हितेंद्रभाऊ.'

धम्मपाल, माझा एकुलता एक सरदार, वाचून म्हणाला, लाखो? आपल्या वार्डात मतदार किती आहेत ते माहीत आहे का? खाली शुभेच्छुकांत तुझा फोटो टाकतो म्हटलं, तर म्हणे, काबरं भाऊ, मले याच गावात राहायचं आहे. डोकं फिरलं. पदावरून काढला.

याच डोक्याने कॉलेज सोडवलं. सेकंड इयरला सर म्हणाले, खाली बस. मी बसलो नाही, सरळ बाहेर पडलो. अजून बाहेरच आहे. तत्त्व म्हणजे तत्त्व.

१८ एप्रिल
शुभेच्छुकांशिवाय फ्लेक्स म्हणजे फौजेशिवाय सेनापती. मित्र एकजात फितूर. शेवटी दुकानाच्या कॉम्प्युटरवरून अकरा भारदस्त चेहरे उचलले. बाहेरगावचेच असणार, कोण ओळखतंय? मधोमध एक फेटेवाले आजोबा. नजर अशी की मलाच खुर्चीतून उठावंसं वाटलं.

नाना म्हणाले, फोल्डरचं नाव वाचलंस का रे? म्हटलं, सम्राट फोल्डर वाचत नाहीत.

२० एप्रिल, दुपार
फ्लेक्स लागला. गर्दी जमते आहे. दरारा.

तोच दिवस, संध्याकाळ
गर्दीचं कारण कळलं. फोल्डरचं नाव 'श्रद्धांजली' होतं. अकराच्या अकरा. धम्मपाल म्हणाला, भाऊ, तुझं राज्य वर पण चालतं वाटतं.

फेटेवाले म्हणजे चाळीसगावचे लोटन आबा. दिपमालाच्या आईचे, म्हणजे कामिनीकाकूंचे वडील. दिवाळीत वारले, तेव्हा काकूंनी श्रद्धांजलीचं छोटं कार्ड आमच्याच दुकानातून करून घेतलेलं. काकू कमरेला पदर खोचून बाहेर आल्या. मी खांबामागे गेलो (डावपेच). मागून नर्मदा अक्का आल्या, आबांच्या पत्नी. आबा गेल्यापासून लेकीकडेच असतात. अक्का फ्लेक्सला टेकल्या, पदराने आबांच्या मिशांवरची धूळ पुसली आणि म्हणाल्या, हाऊ तर कामिनीना बाप शे. बराच वेळ तिथेच होत्या. मग मला विचारलं, एवढा मोठा फोटो आमच्याकडे नाही बाबा, देशील का?

देतो म्हणून मान हलवली. एकही दरबारी शब्द आठवला नाही.

२३ एप्रिल
अक्कांनी आबांना कात्रीने कापून घेतलं, भिंतीवर लावलं. रोज उदबत्ती. उरलेला सम्राट काकूंनी धुऊन गच्चीवर पसरला आणि वर ज्वारीचे पापडासारखे बिबडे वाळत घातले. माझ्या दोन्ही डोळ्यांवर एकेक. कावळे हाकायला मलाच बसवलं. चुकीची भरपाई म्हणे. दिपमालाने काठी दिली, म्हणाली, राजदंड नीट धर.

कावळ्यांत माझा चांगला दबदबा आहे. एक सोडून. तो माझ्या फोटोच्या कपाळावरच बसतो.

२६ एप्रिल
निकाल लागला. दिपमाला पोलीस झाली. तिच्या अभिनंदनाचा फ्लेक्स मीच केला. 'रणरागिणी', 'सिंहीण', 'गुन्हेगारांवर हुकूमत', सगळं टाकलं. ती दुकानात आली, स्क्रीनकडे बघून म्हणाली, काढ. नुसतं नाव आणि गाव. शुभेच्छुक एकच, अक्का. जिवंत आहे ती.

काढलं. नाव मात्र मोठ्या टाइपात ठेवलं. त्याला तिने हरकत घेतली नाही.

२९ एप्रिल
स्टँडवर तिची बॅग मी उचलली. काकूंचं आणि अक्कांचं आधीच रडून झालं होतं. पाठ करून गेलो होतो: दिपमाला, आज, इथे, स्पष्ट उत्तर दे, ही आज्ञा समज. गाडी लागली. ती खिडकीत बसली. ड्रायव्हरने हॉर्न मारला.

मी विचारलं, कधीतरी फोन केला तर?

ती म्हणाली, बघू.

मी म्हटलं, चालेल.