रविवारी भरलेला महिना

पप्पा, तुमची छोटी सही मला अजून तंतोतंत जमते. आधी खाली ओढलेली रेघ, तिला अडकवलेला गोल आणि शेवटी, माणूस फार घाईत असल्यासारखा, उजवीकडे मारलेला फटकारा. घाई कसली? तुम्ही तर पलंगावर आडवे पडून मला सांगायचात, "फटकारा लांब मार, साहेबाची सही आहे." आज सकाळी कोऱ्या कागदावर ती मी दहा वेळा केली आणि मग कागद फाडून टाकला. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. गेलेल्या माणसाशी भांडू नये, असं आई म्हणायची. तीही गेल्या वर्षी गेली, तेव्हा आता मला अडवणारं कुणी नाही.

मी काय काम करते हे तुम्ही कुणाला नीट सांगितलं नाहीत. शेजाऱ्यांनी विचारलं की "विमानाचं काहीतरी आहे" म्हणून मोकळे व्हायचात. तर ऐका. इथे उत्तरेत, एका लहानशा धावपट्टीवर, लोक हौसेने विमानातून उडी मारायला येतात. त्यांची पॅराशूटं, पट्टे, हेल्मेटं, सगळं माझ्या ताब्यात असतं, आणि माझ्या नजरेखालून गेल्याशिवाय एकही माणूस उडी मारत नाही. तपासणी तीनदा होते: सामान अंगावर चढवण्याआधी, विमानात बसण्याआधी आणि वर गेल्यावर दार उघडण्याआधी. खांद्यावरच्या कड्या, मांड्यांचे दोन पट्टे, छातीचा एक, पाठीवरची पिन, आणि मुख्य पॅराशूटने ऐन वेळी दगा दिला तर म्हणून घेतलेलं राखीव पॅराशूट. या राखीव पॅराशूटची मुदत ठरलेली असते. ते एकदाही वापरलं नसलं तरी मुदत संपली की सोडायचं, इंच न् इंच बघायचं, नव्याने घडी घालायची, लाल दोऱ्याने बांधून वर शिशाची मोहर मारायची आणि कार्डावर सही करायची. ज्याने घडी घातली त्यानेच. दुसऱ्या कुणी केली तर परवाना जातो. हा नियम मी पहिल्यांदा वाचला तेव्हा वर्गात मोठ्याने हसले. शेजारच्या मुलीला वाटलं, मला इंग्रजी कळलं नाही.

मागच्या महिन्यात एक तरुण आला होता, चांगला शिकलेला, पन्नासेक उड्या झालेला. छातीचा पट्टा तपासायला पुढे झाले तर म्हणतो, "मॅडम, कालच तर बघितला तुम्ही." मी त्याला विमानातून खाली उतरवलं. पंखा फिरतोय, बाकीचे सात जण खोळंबलेत, वैमानिक हातवारे करतोय, आणि मी त्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं सोडून सगळं बांधायला लावते. त्याने वरपर्यंत तक्रार केली. बाई विक्षिप्त आहे, असं लिहून दिलं. माझं त्याच्याशी काहीच वाकडं नव्हतं, पप्पा. मी त्या वेळी तुम्हाला खाली उतरवत होते. वीस वर्षं रोज सकाळी हेच करते आहे, आणि त्यात मला अजून मजा येते.

हेल्मेटच्या आत आम्ही काडेपेटीएवढं यंत्र बसवतो. माणूस किती वेगाने पडला ते त्यात उमटतं. खाली उतरल्यावर पोरं आधी तेच बघतात आणि एकमेकांना चिडवतात. पोट जमिनीकडे करून पडलं तर ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास, डोकं खाली केलं तर त्याहून बरंच जास्त, कपडे ढगळ असले तर कमी. दहा-बारा सेकंदांत वेग व्हायचा तेवढा होतो, पुढे हवा त्याला वाढू देत नाही. हे सगळं मी तुम्हाला सांगते आहे, कारण तुमच्या कारखान्यातली पाण्याची टाकी तीस मीटर उंच होती, आणि तिच्यावरून एक माणूस पडला होता. अडीच सेकंद, पप्पा. जमिनीला लागताना ताशी ऐंशीच्या वर. तेवढ्या वेळात आमचं यंत्र जागंसुद्धा होत नाही. त्याच्या लेखी माणूस अजून विमानातच बसलेला असतो. तुम्ही चौकशीत सांगितलंत, "त्याला काही कळायच्या आत झालं." खोटं. विमानाच्या दारातून सुटल्यावरचे पहिले अडीच सेकंद मी शेकडो वेळा अनुभवलेत. त्यात सगळं कळतं. हूक सुटला हे कळतं, हाताला काही लागत नाही हे कळतं, आणि एक शिवी देण्याएवढा वेळही मिळतो. त्याने ती कुणाला दिली असेल, याचा विचार करत तुम्ही कधी कूस बदललीत का? मी तुमच्या शेजारच्या खोलीत झोपायचे. तुम्ही तर चांगले घोरायचात.

तो कैनाड गावचा होता. घरची भात-नाचणीची शेती, आणि शेतीचं काम नसेल तेव्हा तलासरीच्या पुढच्या तुमच्या त्या कारखान्यात उंचावरची कामं करायचा. पत्रे बदलणं, टाकी धुणं, चिमणी रंगवणं. पावसाळ्यात सरावलीला आपल्याकडे काकड्या आणून द्यायचा, आणि तुम्ही त्या घ्यायचात. तुम्ही तिथले सेफ्टी सुपरवायझर. रोज सकाळी माणसं वर चढण्याआधी प्रत्येकाचा पट्टा, दोर आणि हूक हातात घेऊन बघायचा, वहीत त्या त्या पट्ट्याच्या नंबरापुढे बरोबरची खूण करायची आणि शेवटी सही. तुमच्या कामाचं एवढंच तर स्वरूप होतं. ती वही तुम्ही शनिवारी कंपनीच्या बसमधून घरी आणायचात. महिन्याचा पहिला रविवार. आईने तळलेल्या मांदेल्यांचा वास घरभर आहे, तुमचं जेवण झालंय, आणि सातवीतली मी स्वयंपाकघरात पाटावर बसून उद्याच्या सोमवारपासूनचा अख्खा महिना भरते आहे. माझं अक्षर चांगलं म्हणून हे काम माझ्याकडे. दोन पेनं दिलेली असायची: तीन दिवस निळं, मग दोन दिवस काळं, म्हणजे रोजच्या रोज लिहिल्यासारखं दिसेल. मध्येच एखाद्या नंबरापुढे "शिलाई उसवली, पट्टा बदलला" असं लिहायचं. ही अक्कल तुमची. एकदा मी भरात येऊन रविवारच्या रकान्यातही खुणा केल्या, तर तुम्ही माझ्या बोटांवर पट्टी मारलीत. "रविवारी कारखाना बंद असतो. पकडून देशील मला." आणि एकदा मी विचारलं होतं, "पप्पा, पण मग पट्टे कोण बघतं?" तुम्ही हसलात. "ज्याच्या कमरेला असतो तो बघतो. साहेब लोक कागद बघतात." ते खरंच होतं. तुमचे मोठे साहेब दर महिन्याला येऊन पानं चाळायचे, "कागळ बराबर छे ने?" म्हणजे कागद ठीक आहेत ना, एवढं गुजरातीत विचारायचे आणि चहा पिऊन जायचे. दिवाळीला तुम्ही मला मनगटी घड्याळ घेतलंत. वर्गात तेव्हा दोघींकडेच होतं. मी ते घालून मिरवले, हेही लिहून ठेवते.

तो मंगळवारी पडला. तुम्ही दुपारीच घरी आलात, चपला न काढता थेट स्वयंपाकघरात. आईने पाणी दिलं. तोंड पांढरं पडलं होतं तुमचं. आई विचारते आहे काय झालं, काय झालं, आणि तुम्ही तांब्या खाली ठेवून म्हणता, "वही भरलेली आहे. घाबरायचं कारण नाही." गेला, असंही आधी म्हणाला नाहीत. पहिलं वाक्य वहीचं. मी दाराशी दप्तर घेऊन उभी होते. मग दोन दिवस तुम्ही तेच वाक्य तऱ्हेतऱ्हेने म्हणून बघत होतात, नाटकातल्या माणसासारखे: सकाळी पट्टा तपासला होता, ठीक होता, त्याने हूक लावलाच नाही. तिसऱ्या दिवशी त्यात भर घातलीत. तोंडाला वास येत होता म्हणे. डोंगराकडची माणसं, कामावर पिऊनच येतात, किती सांगायचं. कुणाला पुरावा मागावासा वाटला नाही, की मंगळवारचं पान उलटून पुढचे भरलेले दिवसही बघावेसे वाटले नाहीत. मेलेल्याच्या माथी खापर फोडून तुम्ही रिकामे झालात. त्याच वर्षी कारखान्याने तुम्हाला सुरक्षेची ढाल दिली. ती टीव्हीवर ठेवलीत, आणि आलेल्या पाहुण्यांना मुद्दाम टीव्हीचा आवाज कमी-जास्त करायला उठायचात.

ती ढाल मी या दिवाळीआधी भंगारवाल्याला दिली. घर रिकामं करत होते. त्याने ती उलटी केली, नखाने खरवडली आणि म्हणाला, "पितळ नाय ताई, प्लास्टिक आहे." मला फार बरं वाटलं. पण खरा ऐवज लोखंडी पेटीत निघाला, तुमच्या लग्नाच्या कोटाखाली. ती वही. त्या महिन्याची. कारखान्याची वही तुम्ही घरी आणून का ठेवलीत? भीती वाटली होती का, पप्पा? वाटली असेल तर मला आनंद आहे. मी ती पिशवीत घातली, स्टेशनवरून रिक्षा केली आणि कैनाडला गेले.

त्याची बायको अंगणात नाचणी पाखडत होती. केस पांढरे झालेत, पण हात भराभर चालतात. तुमचं नाव सांगितल्यावर सूप थांबलं. मुलगी आतून बाहेर आली. ती अंगणवाडीत शिकवते. बाप गेला तेव्हा तीन वर्षांची होती. मी वही उघडून तिच्या हातात दिली आणि तिने आईला वाचून दाखवलं, "मंगळवार. पट्टा, दोर, हूक. तिन्हीपुढे बरोबर. खाली सही." मी म्हणाले, "या खुणा माझ्या आहेत. सहीसुद्धा. मी त्या रविवारीच करून ठेवल्या होत्या. त्या सकाळी पट्टा कुणी बघितलाच नव्हता."

म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तो प्यायचा गं बाय. पण घरी, सणासुदीला. कामावर नाय. मी सांगत होते लोकांना, तर लोक म्हणत, बायको ती, तसंच बोलणार. मग मलाच वाटायला लागलं, प्याला असंल. एवढी वर्सं मी त्यालाच शिव्या घालते." मुलीकडे बोट करून म्हणाली, "हिला बघायला आले तरी पहिलं तेच. बाप दारूनं मेला ना?" मुलगी वही छातीशी धरून उभी होती. मी ज्यासाठी गेले होते ते माझ्या डोळ्यांसमोर घडत होतं, पप्पा. तुमचं नाव त्या अंगणात मातीत जात होतं आणि त्याचं वर येत होतं. मला वाटलं, आता उठावं.

तेव्हा म्हातारीने विचारलं, "रविवारी तो तुमच्याकडे आला होता ना? हुकाचं तोंड मिटत नाय, मंगळवारी टाकीवर चढायचंय, दुसरा पट्टा द्या, असं साहेबाला सांगून येतो म्हणाला. परत आला नि पडून राहिला. मी पण विचारलं नाय. भेटला होता का तुझा बाप?"

"भेटले," मी म्हणाले.

"नि काय बोलला?"

"म्हणाले, चढायचं तर चढ, नाहीतर घरी बस."

म्हातारी अंगणात थुंकली. मग मुलीला म्हणाली, "हिला चहा कर." मी तो चहा प्याले. वही तिथेच ठेवून आले. मुलगी ती गावातल्या चार माणसांना वाचून दाखवणार आहे, आणि कैनाडची गोष्ट सरावलीला यायला वेळ लागत नाही. तुम्हाला साहेब म्हणणारे जे कुणी उरलेत त्यांनाही कळेल. मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. वही तुम्ही भरून घेतलीत, दारूची गोष्ट तुम्ही उठवलीत, ढाल तुम्ही मिरवलीत.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून उरलेलं लिहिते. रविवारचं तेवढं तुमचं नाही. ते उत्तर मी तुमच्या तोंडी घातलं. तुम्ही आत झोपला होतात, आई शेजारी गेली होती. तो दारातच उभा राहिला. साहेबांना उठवू नको, उठले की सांग, म्हणाला, आणि मी पाटावरून मान वर न करता "सांगते" म्हटलं. तुम्ही उठलात, चहा मागितलात. मी बोलले नाही. मंगळवारच्या तिन्ही खुणा करून झाल्या होत्या, आणि सांगितलं असतं तर ते पान मला पुन्हा लिहावं लागलं असतं.