सात सारख्या थप्प्या

१४ जुलै

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. यंदा खोली तिसऱ्या मजल्यावर आहे. खाट माझ्याहून चार बोटं आखूड निघाली, पण पाय पसरायला कॉलेजात जात नाहीत असं तूच सांगून पाठवलंस, तेव्हा तक्रार नाही.

या वर्षी आम्हा व्यवसाय पदवीवाल्यांना अर्थशास्त्र सक्तीचं आहे. बाकीच्या मुली त्याच्या नावाने घाबरतात, कारण पानोपानी आलेख. मला मात्र पहिल्याच तासाला ते आवडलं. एक रेघ वर चढते, एक खाली उतरते, आणि जिथे त्या एकमेकींना भेटतात तिथे वस्तूची किंमत ठरते. इतकी वर्षं मी दुकानांवरून जात होते आणि आत काय चाललंय याचा मला पत्ताच नव्हता, असं वाटलं.

काल मात्र सरांशी वाद झाला. ते म्हणाले की माणूस स्वतःचा फायदा पाहूनच वागतो, असं गृहीत धरून हे शास्त्र पुढे जातं. माझा हात वर गेलाच. मी म्हटलं की माझे वडील आणि आत्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात आहेत. तिथे शिलाईच्या बाकावर सात बायका बसतात, आणि संध्याकाळी पाचला मुकादम मोजायला येतात तेव्हा सातही थप्प्या सारख्या असतात. कारण जिचा हात भरभर चालतो ती आपली शिवलेली पुस्तकं गुपचूप मागे पडलेलीच्या थप्पीवर सरकवते. आता यात तिचा फायदा कुठला, ते सांगा. वर्ग हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि हेच प्रकल्प म्हणून लिहून आणायला सांगितलं.

आत्या, तुमच्या बाकाने एक आख्खं शास्त्र अडवलं बघ! आईमागे तू मला वाढवलंस ते काही फुकट गेलं नाही.

रागावण्यासारखं काही लिहिलं असेल तर कान घरी आल्यावर धर, तोवर लोभ असू दे.

तुझी,
ठकू


२२ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. ओळी तिरक्या गेल्यात म्हणून हसू नकोस, टेबलाचा पाय डुगडुगतोय. तुझ्या बापाला महिनाभर सांगते आहे. कारखान्यात एवढं मोठं कटिंग मशीन चालवतो, पण घरातल्या टेबलाखाली पुठ्ठ्याची एक घडी सारणं काही होत नाही.

तू सरांशी भांडलीस हे ऐकून मला आश्चर्य वाटलं नाही. बोलायला लागायच्या आधीपासून तू भांडतेस. पण दीडशहाणे, बाकावरचं बाकावर राहू दे. त्यात लिहिण्यासारखं काय आहे? आपण केस विंचरतो ते कोणी लिहून ठेवतं का? रेडिओमावशी म्हणते (तीच, जिचं तोंड शिलाईपेक्षा जोरात चालतं) की ठकूला सांगा, माझ्यावर लिही, मी फोटोसकट देते. तिच्यावर लिही हवं तर.

परवापासून एक जाडजूड कादंबरी शिवायला आली आहे. छापून घडी घातलेले सगळे फर्मे वाचायला सवड कुठली, मांडीवर येईल तेवढा कागदाचा गठ्ठा वाचायचा. बत्तीस वर्षांत अशा हजारभर कादंबऱ्यांची मधली पानं मी वाचली. कोणाचं लग्न झालं आणि कोण गेलं, ते विचारू नकोस.

जेवण वेळेवर कर. अंगावर काढू नकोस.

तुझी आत्या


३० जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र कारखान्याच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवते आहे, आत्याच्या हाती पडू नये म्हणून. बाकावरच्या पद्धतीवर मी प्रकल्प लिहिते आहे. तिला विचारलं तर ती उडवून लावते. तुमचं मशीन बाकाच्या समोरच आहे, म्हणून तुम्हीच नीट बघून कळवा. कोण किती शिवतं, कोण कोणाच्या थप्पीवर ठेवतं, केव्हा ठेवतं. नावं मी कोणाचीच घालणार नाही. आणि घरच्या टेबलाचा पाय डुगडुगतो म्हणे, तेवढा बघा.

आत्याला यातलं अक्षरही सांगू नका. सर म्हणतात, चांगला झाला तर छापू; छापून आलं की एकदमच दाखवू. तिच्यावर कोणी कधी काही लिहिलेलं नाही, बाबा. दुसऱ्यांची पुस्तकं शिवण्यात तिचा जन्म गेला.

तुमची,
ठकू


९ ऑगस्ट

चि. ठकूस आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं आठ दिवस पाहिलं. मला लिहायची सवय नाही, जसं दिसलं तसं लिहितो.

प्रत्येकीने दिवसाला पन्नास शिवायची असतात. पाचजणी पंचावन्न-साठाला सहज पोचतात. एकीचं मनगट दुखतं, तिची पंचेचाळीस होतात. आपल्या ताईची, तुझ्या आत्याची, तीस, कधी बत्तीस. चहाच्या सुट्टीनंतर मुकादम गोदामात जातो तेव्हा पुस्तकं इकडची तिकडे होतात. कोणी कोणाला काही म्हणत नाही, बघतसुद्धा नाही. पाचला सात थप्प्या, पन्नास-पन्नासच्या. कारखान्याचं काम एका पुस्तकानेही कमी भरत नाही.

ताईचं असं आहे की तिला सुईचं नेढं दिसत नाही. सकाळी बाकीच्या बायका प्रत्येकी तीन-चार सुया ओवून तिच्या सुयांच्या गादीत टोचून ठेवतात. कागदाला पाडलेली भोकं ती बोटाने चाचपते आणि शिवते. टाका मात्र अजून सगळ्यांत सरळ तिचाच. हे किती दिवसांपासून आहे ते मला माहीत नाही. घरी ती बोलत नाही, म्हणून मीही विचारलेलं नाही.

हे तुला उपयोगी पडेल तेवढं घे. टेबलाचा पाय ठीक आहे, तो कधीच डुगडुगत नव्हता.

तुझे बाबा


६ डिसेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज पत्र लिहिताना मी खुर्चीवर बसूच शकत नाहीये. माझा निबंध पहिला आला! सरांनी तो वर्गात वाचून दाखवला, आणि ज्या मुली हसल्या होत्या त्यांतल्या एकीने डोळे पुसले. सर म्हणाले की गेल्या वीस वर्षांत विद्यार्थ्याने त्यांना शिकवलं असं दोनदाच झालं. आता तो कॉलेजच्या वार्षिक अंकात छापताहेत.

विषय कोणता ते आज सांगणार नाही. तुला तो तुझ्याच हातात मिळणार आहे. अंकाच्या बांधणीसाठी सर कारखाना शोधत होते, आणि मीच त्यांना आपल्या कारखान्याचं नाव सुचवलं. बाराशे प्रती आहेत. पुढच्या महिन्यात छापलेले कागद तुमच्या बाकावर येतील. तिसरा फर्मा नीट बघ, एवढंच सांगते. रेडिओमावशीला म्हणावं, मोठ्याने वाच.

माझं पहिलं छापलेलं अक्षर तू शिवणार, याहून मोठं बक्षीस मला कुठलं मिळणार होतं?

तुझ्या मायेची सवय झालेली,
ठकू


११ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

तुझ्या अंकाचं काम सोमवारी आलं. तिसरा फर्मा रेडिओमावशीने मोठ्याने वाचला. तुझं नाव दिसल्यावर मशीन बंद करून मीही जाऊन उभा राहिलो. सुरुवातीला बायका हसत होत्या, एकमेकींना कोपरं मारत होत्या. कोण कोणती ते त्यांना नावाशिवाय लगेच कळत होतं. मग सुयांचं आलं, डोळ्यांचं आलं. रेडिओमावशी वाचता वाचता थांबली. ताई म्हणाली की पुढे वाच. तिने शेवटपर्यंत वाचलं. मुकादम मागे उभा होता, ते कोणाला दिसलं नाही.

त्याने तो कागद मालकांकडे नेला. मालक वाईट बोलले नाहीत. मुलगी छान लिहिते म्हणाले. पण बुधवारी बाकावर सात लाकडी खण आले, प्रत्येकावर आकडा. आता जिने शिवलं तिने आपल्याच खणात टाकायचं, आणि मुकादम तासातासाला बघणार.

ताईने दोन दिवस काम केलं. पहिल्या दिवशी एकोणतीस झाली, दुसऱ्या दिवशी सव्वीस. शुक्रवारी मालकांनी तिला बोलावून सांगितलं की आता घरी आराम करा. तिने त्या दिवशीचं हातातलं पुस्तक पुरं केलं, गाठ मारली आणि निघाली. ते तुझ्याच अंकाचं होतं.

दोष तुझा एकटीचा नाही. बघून लिहिलं ते मी.

बाबा


१६ जानेवारी

ती. आत्यास,

नमस्कार कोणत्या तोंडाने लिहू?

मी नावं घातली नव्हती. मला खरंच वाटलं होतं की नावं नसली की झालं. मला वाटलं, हे वाचून लोक बाकासारखे वागायला शिकतील. कॉलेजात त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला ते शिकणंच वाटलं.

सरांकडे गेले होते. अंक मागे घ्या म्हटलं. ते म्हणाले की अर्धे अंक वाटून झालेत, आणि तुझ्या निबंधात खोटं असं काही नाही. खोटं नाही हे मलाही माहीत आहे. तेच तर झालं.

मी परत येते. हे शिक्षण मला नको. कारखान्यात तुझ्या जागी मला घेतील का, ते बाबांना विचारायला सांग. शिकवलंस तर मी शिवेन.

आत्या, काहीतरी लिही. नाहीतर बाबांकडून लिहून घे. रागावून लिही.

ठकू


२७ जानेवारी

चि. ठकूस आशीर्वाद.

ताई बरी आहे. सकाळी कारखान्याच्या वेळेला उठते, तयार होते, आणि खिडकीपाशी बसते. तुझं पत्र आलं ते मी तिच्या हातात दिलं. तिने बोटाने कडा चाचपल्या आणि उशाखाली ठेवलं. वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाली राहू दे. रोज विचारतो. रोज राहू दे म्हणते.

कॉलेज सोडण्याचं मनात आणू नकोस. तिने ऐकलं तर ते तिला आणखी लागेल. आणि बाकावर आता नवीन कोणाला घेत नाहीत. मनगटवाली बाईही पुढच्या महिन्यापासून नसेल.

माझ्याशी बाकावरच्या बायका बोलतात, पण हळू. मी समोरून बघत होतो, हे त्यांना कळलं आहे.

बाबा


२० मार्च

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे बाबा वाचून दाखवतील, जेव्हा तू हो म्हणशील तेव्हा. म्हणून सोपं लिहिते.

गेल्या गुरुवारी मी तिथे आले होते. सकाळची बस धरली आणि थेट मालकांच्या खोलीत गेले. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मी कागदावर सगळं मांडून नेलं होतं. सातजणींची मिळून रोज साडेतीनशे पुस्तकं होत होती, एकही कमी नाही. वाटून घेण्याने त्यांचं काडीचंही नुकसान नव्हतं. उलट कोणी घाबरत नव्हतं, म्हणून हात चालत होते. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगितलं, आणि साध्या भाषेतही.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी स्वतःच सांगितलं की खण आल्यापासून काम घटलंय. पाचजणी उरल्या आहेत, आणि पन्नास झाली की प्रत्येकजण सुई खाली ठेवते, एक्कावन्नावं कोणी शिवत नाही. त्यांना ते दिसतं. मी म्हटलं मग खण काढा, आत्याला परत बोलवा. ते म्हणाले की पोरी, वीस वर्षं मला संशय होता, आणि मी मुद्दाम कधी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणून चालत होतं. आता छापील कागद माझ्या टेबलावर आला. मुकादमाने वाचला, बाकीच्या विभागांनी वाचला. आता कळल्यावर न कळल्यासारखं कसं करू?

याचं उत्तर मी आल्यावर पुस्तकात शोधलं. तिथे नाही.

परत जाताना घरावरून गेले. खिडकीत तू होतीस. मी रस्त्याच्या पलीकडे थांबले आणि मग बस पकडली. आत यायचं धैर्य झालं नाही. तुला मी दिसले नसणार, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं, आणि त्याची लाज मला अजून वाटते आहे.

तुला न विचारता मी तुझे डोळे चारचौघांत मांडले. इतकंच मला म्हणायचं होतं. जानेवारीच्या पत्रातही इतकंच म्हणायला हवं होतं.

परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. तू सांगशील तर देईन.

ठकू


३१ मार्च

चि. ठकूस आशीर्वाद.

आत्या सांगते आहे आणि तुझा बाप लिहितो आहे. त्याने मध्ये स्वतःचं काही घुसडलं तर मला कळणार नाही, तेव्हा अक्कल वापरून वाच.

तुझी दोन्ही पत्रं काल एकदम वाचून घेतली. तुझा बाप वाचतो म्हणजे दगडावरून गाडी जाते. तरी कळलं.

त्या दिवशी तू पलीकडे उभी होतीस ते मला ठाऊक आहे. दिसली नाहीस. पण समोरचा पानवाला तुला चांगला ओळखतो, आणि त्याच्या पोटात काही राहत नाही. दाराशी येऊन परत गेलीस, हे मला निबंधापेक्षा जास्त लागलं.

तू वाईट हेतूने केलं नाहीस, हे मला समजावून सांगायची गरज नाही. तुला मी वाढवलंय. पण तू तुझ्या बापाला विचारलंस, सरांना विचारलंस, मालकांकडे जाऊन बसलीस. मला विचारलं नाहीस. मी नाही म्हटलं असतं, म्हणूनच विचारलं नाहीस. नीट आठवून बघ.

डोळ्यांचं मी तुझ्या बापालाही सांगितलं नव्हतं. बाकावर सगळ्यांना माहीत होतं, पण माहीत आहे असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. बत्तीस वर्षं मी तिथे कामाला जात होते. त्या सोमवारी मावशीने वाचलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांना सांभाळायला लागणारी बाई झाले. जागा गेली ती शुक्रवारी नव्हे, सोमवारी.

परीक्षा चुकवली नसशीलच, असं धरून चालते. चुकवली असशील तर पुढच्या खेपेला बस. आपल्या घरात कोणी पदवीधर झालेलं नाही, ते तुला व्हायचं आहे, माझ्यासाठी नव्हे, तू सुरू केलंस म्हणून. आणि मालकांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत राहा. घाई नाही.

राग गेला का, असं तू विचारलेलं नाहीस, पण तेच विचारायचं आहे. नाही गेला. जाईल तेव्हा कळवीन. तोवर येत जा. आणि दार वाजव. मला ऐकू चांगलं येतं.

तुझी आत्या