अल्लीपूरचं कॅलेंडर

मंगळवार, १९ नोव्हेंबर. संध्याकाळ.

आज ऑपरेशन झालं. छोटंसं काम, पण त्यासाठी त्या पोरीने वर्षभर पोटदुखी सोसली.

अल्लीपूरची, चौदा वर्षांची. पाळी दर महिन्याला येते, म्हणून आत काही अडलं असेल असं कोणालाच वाटलं नाही. मलाही नाही! पहिल्या भेटीत मीसुद्धा गोळ्याच लिहून दिल्या.

मग तिची आई भिंतीवरचं कॅलेंडर गुंडाळून घेऊन आली. पोर पाळीत बाहेर बसते, ते सगळे दिवस लाल गोलात. "दुखनं त बसनं सरल्यावर वाढते, मॅडम. असं काऊन?" बाहेर बसवण्यावरून मी किती बायांवर ओरडले असेन. आणि त्याच रिवाजामुळे इथे नोंदीतला एक दिवस चुकला नव्हता.

पाळी संपल्यावर वाढणारं दुखणं साधं नसतं, म्हणून सोनोग्राफी केली. उजवी किडनी जन्मापासूनच नाही. एका बाजूची किडनी नसली की त्याच बाजूला गर्भाशयातही जन्मजात दोष असू शकतो; तिथेच डोक्यात लख्ख झालं. एमआरआयने तेच सांगितलं: गर्भाशयं दोन, डाव्याची वाट मोकळी, म्हणून पाळी येत होती; उजव्याची पडद्याने बंद. रक्त आत साठत होतं. आज पडदा काढला, दोन्ही गर्भाशयं शाबूत. ती बरी होणार, मला शंकाच नाही.

पण ते कॅलेंडर मी पहिल्याच दिवशी का नाही मागितलं?

दुपारी आईने विचारलं, "आता खुना करू का नको?"

"करा. पण पोरीला घरात ठेवून."

गुंगीतली पोर पुटपुटली, "आई, मॅडमनं सांगतलं ते बी लिहून घे कॅलेंडरवर."