डाव्या घोट्यावरील गाठ

हॅझल क्रीक, केंटकी

परमपूज्य ज्येष्ठ बंधू वेन्डेल यांच्या चरणी (चरणांचा विषय पुढे पुन्हा निघणार आहे) कनिष्ठ ऑर्व्हिलचा साष्टांग प्रणिपात.

ओहायोच्या सपाट भूमीवर आपले गुडघे सुखात असतील, अशी आशा आहे. आजोबांचे रिव्हॉल्व्हर आपण मला न विचारता घेऊन गेलात, त्यास सहा वर्षे झाली. तेव्हापासून आपला अबोला असल्याने कुशल विचारण्यास किंचित विलंब झाला, क्षमस्व.

त्या आयुधाच्या अभावी मी नित्य आणि गुप्त धारणार्थ एक लघुभार रिव्हॉल्व्हर घेण्याचे योजिले. (आजोबांचे गुप्तपणे बाळगायचे, तर ते वाहायला खेचर हवे.) कमरेस लावावे, तर तेथील समस्त भूप्रदेश माझ्या उदराने व्यापलेला, खिशात ठेवावे, तर तेथे चष्मा, तंबाखू आणि सौ. मेल्वाच्या बाजाराच्या याद्या. दुकानदारीण डार्ला शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसत असे, त्यामुळे तिला माझ्याविषयी आदर नाही. तिने पंधरा औंसांचे, पाच गोळ्यांचे यंत्र माझ्या तळहातावर ठेवले. "ऑर्व्ही, बाळगायला फूल, उडवायला गाढव," ती म्हणाली. "जितकं हलकं, तितकी लाथ मोठी." मी शास्त्रार्थ टाळून दुकानामागील मैदानात एक बार काढला. मनगट तीन दिवस सुजले. लक्ष्य अद्याप अक्षत आहे. तरी घेतले, आणि घोट्यावर बांधायचे चामडी म्यानही घेतले. लाघवाचा दोष एवढाच, की वस्तू अंगावर आहे याचेच विस्मरण होते.

विस्मरण झाले ते नेमके पादप्रक्षालनाच्या रविवारी, जेव्हा चर्चमध्ये समोरासमोर बसून आपण एकमेकांचे पाय धुतो. आपण गेल्यापासून माझ्यासमोरची जागा रिकामी असते. यंदा तेथे एझ्रा काकांना बसवले (वय एक्क्याण्णव, दृष्टी नाममात्र). त्यांनी कमरेस पंचा गुंडाळून उजवा पाय धुतला, डावा हाती घेतला, आणि मला स्मरण झाले. ओला हात विजारीत वर सरकला व थबकला.

"पोरा, केवढी टणक गाठ ही. डॉक्टरला दाखवलीस?"

देवाच्या घरी सत्य बोलावे. परंतु सत्य भरलेले होते. मी म्हणालो, "नाही, काका."

"आणि वेन्डेलला कळवलंस? असली गाठ भावाला सांगावी रे."

काकांनी सर्व मंडळींकडून माझ्या गाठीसाठी प्रार्थना करवली. संध्याकाळपर्यंत घरी कोंबडी-नूडल्सची अकरा पातेली आली. वस्तुस्थिती ठाऊक असलेली मेल्वा शांतपणे वाढत म्हणाली, "गाठ तू आणलीस, आता खा." पाचव्या पातेल्यानंतर माझे चारित्र्य ढासळले आणि पुढच्या रविवारी मी उभा राहून साद्यंत कबुली दिली. सभेच्या माना माझ्या घोट्याकडे वळल्या. एझ्रा काका तेवढे समाधानाने म्हणाले, "म्हणजे प्रार्थना फळली म्हणायची."

असो. शस्त्रविद्येत आपला अधिकार मोठा, म्हणून विचारतो: याहून किंचित जड, पण लाथ न मारणारे एखादे आपल्या पाहण्यात आहे काय?

आपला आज्ञाधारक (सहा वर्षे वगळून),
ऑर्व्हिल

ता. क. वरील प्रश्न रद्द समजावा. यंत्र डार्लाला परत केले. ती हसली, पण पाठ वळवून.

पुनश्च ता. क. ओपल आत्याने माझ्या अंतकाळाची वार्ता तुम्हाला कळवली असल्यास ती निखालस खोटी आहे. मात्र ती ऐकून सामान बांधले असेल, तर सोडू नका. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा पाय धुवायचे आहेत, आणि एझ्रा काकांचे गुडघे आता टेकत नाहीत. आजोबांचे रिव्हॉल्व्हर तिकडेच राहू दे, दादा. तू पाय तेवढे घेऊन ये.