ओमकारचे पस्तीस टक्के

मी, भामा नामदेवराव बिरादार, वय चौसष्ट, राहणार तारनाका, हैदराबाद, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. माझ्या हृदयाची झडप निकामी होत चालली आहे आणि शस्त्रक्रिया सोसेल की नाही हे डॉक्टर सांगत नाहीत. डोके मात्र ठिकाणावर आहे, तसा दाखला सोबत जोडला आहे. तो मला गल्लीतल्या डॉक्टरांनी दहा मिनिटांत दिला, वर चहा पाजला. माझ्या मुलाचे डोके ठिकाणावर नाही, हे पटवून द्यायला मला तीन वर्षे लागली. त्या तीन वर्षांत कोण कसे वागले हे मी विसरलेले नाही.

वकीलसाहेब म्हणाले, मृत्युपत्रात मालमत्ता लिहायची असते, गाऱ्हाणी नव्हेत. मी म्हटले, मालमत्ता थोडकी आहे, कागद पुष्कळ उरेल.

१. वारस. माझे पती नामदेवराव रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते. चार वर्षांपूर्वी ते वारले. आम्हाला एकच मुलगा, ओमकार, आज वय सत्तावीस. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना त्याला आवाज ऐकू येऊ लागले. वर्गातले पंखे माझ्याबद्दल बोलतात, असे तो पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आम्ही दोघे हसलो होतो. ते हसणे आमच्या दोघांच्या नावावर राहू द्यावे. त्या आजाराला स्किझोफ्रेनिया म्हणतात. गोळ्यांनी आवाज दबतात, पण त्यांच्याबरोबर माणूसही दबतो. त्याला आंघोळीला उठवावे लागते, जेवायला बसवावे लागते. रस्त्यात सिग्नलला थांबला की हिरवा दिवा लागला तरी थांबूनच राहतो. नोकरी दोनदा लागली. एक नऊ दिवस टिकली, दुसरी चार.

पतीचे निवृत्तीवेतन आज मला मिळते. माझ्यामागे ते ओमकारला जन्मभर मिळू शकते, पण हा मुलगा कमावू शकत नाही असे सरकारी तपासणीत लिहून मिळाले तरच. चाळीस टक्क्यांच्या खाली अपंगत्व असलेला माणूस सरकारदरबारी धडधाकट. मृत्युपत्रात मी काहीही लिहिले तरी तो आकडा मला लिहिता येत नाही. म्हणून आम्ही तपासणीला गेलो.

२. डॉक्टर विक्रम यांना. पहिली तपासणी यांनी केली. आधी माझी चूक सांगते. त्या सकाळी मी ओमकारला न्हाऊ घातले, दाढी करून दिली, आकाशी शर्टाला इस्त्री केली आणि केसांना तेल लावून भांग पाडला. चार माणसांत लेकराला गबाळे कसे न्यायचे, एवढेच माझ्या डोक्यात होते. पाच तास आम्ही टोकन घेऊन बसलो. आत गेलो तेव्हा डॉक्टरांनी मान वर न करता विचारले, "बागुन्नावा?"

"बागुन्नानु, सार," ओमकार म्हणाला.

आमच्या हैदराबादेत बरा आहेस का विचारल्यावर मरणाच्या दारातला माणूसही बरा आहे म्हणतो. ती रीत आहे. डॉक्टरांनी ते उत्तर लिहून घेतले. मग आज वार कोणता, गोळ्या घेतोस का, नोकरी करतोस का. ओमकारने वार बरोबर सांगितला, गोळ्या घेतो म्हणाला, नोकरी शोधतोय म्हणाला. मी तोंड उघडले तर त्यांनी हात वर केला आणि पेशंटला बोलू द्या म्हणाले. चार मिनिटांत आम्ही बाहेर. कागदावर पस्तीस टक्के.

तो आकाशी शर्ट मी धुऊन, इस्त्री करून कपाटात वरच्या खणात ठेवला आहे. माझ्या मृत्यूनंतर तो डॉक्टर विक्रम यांच्या घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने पाठवावा. दवाखान्यात पाठवू नये, घरी पाठवावा, म्हणजे घरातले विचारतील हे काय आहे. सोबत माझ्या अक्षरातली चिठ्ठी आहे: 'आपण तपासणी केली ती या शर्टाची. तो आपल्याकडेच असावा.'

३. माझे दीर विकासराव हिम्मतराव बिरादार यांना. हे आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. सासऱ्यांनी भालकीची जमीन विकून हे घर बांधले आणि खालचा मजला थोरल्याला, वरचा धाकट्याला, अशी रीतसर वाटणी करून दिली. फाटक तेवढे एकच.

पस्तीस टक्क्यांवर मी फेरतपासणीचा अर्ज केला. त्याच सुमारास विकासरावांच्या मुलीचे, श्रुतीचे, लग्न ठरत होते. मुलगा आदित्य, पुण्याचा, इथे आयटीत. त्या लोकांना विकासरावांनी सांगितले होते की पुतण्या बंगळुरूला कंपनीत आहे. पाहुणे येणार त्या दिवशी ते खाली आले आणि म्हणाले, "वहिनी, दोन तासांचा प्रश्न आहे." मी ओमकारला मागच्या खोलीत बसवले आणि बाहेरून कडी घातली. आत तो एकदाही ओरडला नाही. दोन तासांनी कडी काढली तेव्हा तो दाराकडे तोंड करून, गुडघ्यांवर हात ठेवून बसलेला होता. सोडले तसाच.

पुढच्या आठवड्यात अर्जाच्या चौकशीला माणूस घरी आला. मी ओमकारला घेऊन त्याचे रक्त तपासायला गेले होते. विकासरावांनी त्या माणसाला फाटकाशीच गाठले आणि जबाब दिला, सहीनिशी. अर्ज फेटाळला गेला. का फेटाळला ते मला कळेना. माहितीच्या अधिकारात कागद मागवला, तो सात महिन्यांनी हाती आला. त्यात लिहिले होते: 'मुलगा सुदृढ आहे. दर शनिवारी मारुतीला एकटा जातो. आई पेन्शनच्या लोभाने त्याला आजारी दाखवते.'

मारुतीला तो जात होता, हे खरे आहे. वीस पावले मागून मी जात होते.

कागद घेऊन मी वर गेले. विकासराव जेवत होते. त्यांनी कागद पाहिला, हात धुतले आणि शांतपणे म्हणाले, "वहिनी, ओमकार तर गेलाच आहे. माझी पोरगी जायची होती, ती मी वाचवली."

श्रुती तेव्हा माहेरपणाला आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. म्हणाली, "बाबा, आदित्यला मी पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. ओमदादाशी फोनवर बोलणंपण करून दिलं होतं."

म्हणजे जे लपवायला त्यांनी माझ्या लेकराचे आयुष्य मोडले, ते लपलेलेच नव्हते. विकासरावांकडून आजतागायत माफीचा एक शब्द आला असता तर हे कलम कदाचित निम्म्याने लहान झाले असते.

त्या जबाबाची प्रत मी विकासरावांच्या नावे ठेवते. दुसरी प्रत माझ्या तेराव्याला, पाने वाढण्याआधी, जमलेल्या भावकीसमोर मोठ्याने वाचावी. श्रुतीवर हे काम टाकू नये. शेजारचे किशोर यांनी वाचायचे कबूल केले आहे, त्यांचा आवाज चांगला आहे. सही कोणाची, तेही वाचावे. मग जेवायला बसावे. जेवण गोडाचे असावे, कोणी उपाशी जाऊ नये. माझ्या तिरडीला विकासरावांनी खांदा देऊ नये. चार माणसे कमी पडली तर गाडी सांगावी.

४. माझ्या स्वतःविषयी. हे कलम गाळा असे वकीलसाहेबांनी दोनदा सांगितले. मी गाळत नाही. सगळ्यांना वाटा द्यायचा आणि स्वतःला वगळायचे, हे बरोबर नाही.

नव्याने अर्ज केला तेव्हा रांगेत मला विद्यानगरच्या सावित्रीबाई भेटल्या. त्यांच्या लेकाला असाच आजार, प्रमाणपत्र मिळालेले. ओमकारकडे पाहून त्यांनी विचारले, गोळ्या देऊन आणतेस का? मी हो म्हटले. "मग पोरगं चांगलं दिसणारच की," त्या म्हणाल्या. "आठ-दहा दिवस थांबव. माझ्यापुढं दुसरा रस्ता नव्हता, तुझ्यापुढंही नाही."

मी अकरा दिवस थांबवल्या. त्याच्या डबीत गोळ्यांच्या जागी जीवनसत्त्वाच्या गोळ्या घातल्या. त्याने रोज माझ्या हातून विश्वासाने घेतल्या. सहाव्या दिवसापासून तो झोपेना. नवव्या दिवशी त्याने घरातल्या पंख्यांची पाती पोत्याने बांधली. तपासणीच्या दिवशी तो टेबलाखाली शिरला आणि निघेना. पायजमा ओला झाला होता. इस्त्री कशालाच नव्हती. या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्या खुर्ची सोडून त्याच्याजवळ फरशीवर बसल्या आणि अर्धा तास त्याच्याशी हळू आवाजात बोलल्या. मग मला विचारले, महिन्यातून किती दिवस असा असतो, कोण भरवते, कोणी अंगाला हात लावलेला चालतो. असे प्रश्न विचारायचे असतात हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. सत्तर टक्के लिहिले गेले. हे प्रश्न पहिल्या दिवशी विचारले असते, तर नेमका तोच आकडा त्या आकाशी शर्टातही निघाला असता.

तिथूनच त्याला वॉर्डात नेले. सात आठवडे. त्याआधी तो वडिलांची हत्यारे काढून जुने टेबल-फॅन उघडायचा, साफ करून परत जोडायचा. पंख्यांशी त्याने स्वतःच असा तह केला होता. वॉर्डातून आला तो गोळ्या वाढवून. आता हात कापतात, स्क्रू खाचेत बसत नाही.

वॉर्डातल्या तिसऱ्या आठवड्यात, मी केळे सोलून देत असताना त्याने विचारले, "आई, गोळ्या तू बदलल्या होत्यास ना?"

मी हो म्हटले.

"मग पास झालो का मी?"

"झालास."

"किती पडले?"

"सत्तर."

"फर्स्ट क्लास," तो म्हणाला आणि केळे खाऊ लागला.

माझ्यामागे घरात माझा हार घातलेला फोटो लावू नये. ओमकारने आपणहून मागितला तरच लावावा. त्याला कोणी आठवण करून देऊ नये.

५. शिलाईयंत्र. मी जामबागच्या शाळेत एकवीस वर्षे शिवण शिकवले. माझे पायाचे शिलाईयंत्र, सगळ्या सुया, बॉबिन आणि मोठी कात्री सावित्रीबाईंना द्यावी. त्यांच्यावर माझा राग नाही. सात आठवडे त्या रोज डबा घेऊन वॉर्डाच्या दाराशी येत होत्या, आणि आत यायची त्यांची हिंमत होत नव्हती.

६. हत्यारे. पतीची हत्यारपेटी ओमकारची. तो ती उघडो न उघडो, विकू नये, कोणाला वापरायला देऊ नये. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवावा.

७. घर. हे कलम मुद्दाम इतक्या उशिरा घेतले, म्हणजे इथवर पोहोचायला विकासरावांना वरचे सगळे वाचावे लागेल. खालचा मजला घ्यायची इच्छा त्यांनी तीनदा बोलून दाखवली आहे. शेवटची इच्छा, माझ्या झडपेची बातमी कळली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

खालचा मजला ओमकारच्या हयातीत ओमकारचा. त्याची व्यवस्था पाहायला आणि या मृत्युपत्राची अंमलबजावणी करायला मी विकासरावांची मुलगी श्रुती हिला नेमते. तिने विचार करून होकार दिला आहे. तिला मराठी सावकाश वाचता येते, बोट ठेवून वाचते, पण एक ओळ सोडत नाही. ज्यांना हे मृत्युपत्र कोर्टात खोटे पाडायचे असेल, त्यांनी पोटच्या मुलीसमोर उभे राहून पाडावे.

मजला किंवा त्यातली एखादी खोलीही विकासरावांना, त्यांच्या माणसाला किंवा त्यांनी पुढे केलेल्या कोणालाही विकू नये, भाड्याने देऊ नये. रस्त्याकडची खोली आणि लगतचे न्हाणीघर, गावाकडून मानसिक आजाराच्या माणसाला दवाखान्यात घेऊन येणाऱ्या कुटुंबांना फुकट राहायला द्यावे. अशी माणसे मी दवाखान्याच्या आवारात झाडाखाली दिवस दिवस बसलेली पाहिली आहेत. ती या फाटकातून येतील जातील, व्हरांड्यात बसतील, कोणी मोठ्याने बोलेल, कोणी रडेल. त्यांना वरच्या मजल्याने हटकू नये. ओमकारनंतर पूर्ण मजला याच कामाला लागावा.

फाटकावर, आत येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल अशी पाटी लावावी, मराठी, तेलुगू आणि उर्दूत: 'ओमकार नामदेवराव बिरादार निवास. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी व त्यांच्या घरच्यांसाठी.' वरच्या मजल्यावर येणाऱ्या पाहुण्यांना, सोयऱ्यांना, सगळ्यांना हेच फाटक आहे.

हे सर्व मी काल दुपारी ओमकारला वाचून दाखवले, कारण यातले बहुतेक त्याच्याविषयी आहे. तो भिंतीला टेकून ऐकत होता. वाचून झाल्यावर त्याने पाटी केवढी, असे विचारले. मी दोन फूट म्हटले.

"काकांना लांबचं दिसत नाही," तो म्हणाला. "अक्षरं मोठी काढायला सांग."

म्हणून पाटी चार फुटांची करावी. ही दुरुस्ती मला मान्य असून तिच्यापुढे ओमकारनेही सही केली आहे. सही थोडी कापरी आहे, पण त्याचीच आहे.

(सही) भामा नामदेवराव बिरादार

साक्षीदार, ज्यांना यातून काही मिळत नाही आणि ज्यांच्यादेखत मी सही केली:
१. (सही) किशोर दत्तात्रय कुलकर्णी, तारनाका
२. (सही) अलका किशोर कुलकर्णी, तारनाका

हैदराबाद, १४ ऑगस्ट २०२५