येतो, बाई

नाशिकरोड,
१४ जानेवारी १९७८

ती. मंगलाताईस,
जयरामचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि डोकंच फिरलं. आपला सुगत तिकडे विलायतेत शाळा सुटल्यावर बाईंना इंग्रजीत ‘येतो’ म्हणतो, बाई वाट बघत थांबतात आणि हा घरी! म्हणून सात वर्षांचं पोर खोटारडं? आणि महिनाअखेर त्याला मागे पडलेल्या मुलांच्या वर्गात टाकणार? निघताना ‘जातो’ म्हणायचं का त्यानं? मयताला निघालाय का? बाईंना म्हणावं, आधी मराठी शिका! दाजी गप्प बसतील, तू बसू नकोस. मी सरांशी भांडून दुसऱ्या वर्षीच कॉलेज सोडलं. बघ, आज कुणाचं ऐकावं लागत नाही. आई सोडून.

अगं, शब्दाला किंमत असते. आपल्या गल्लीतली सुमन नांदगावला मामांकडे निघाली, तेव्हा गाडीच्या दारातून माझ्याकडे बघून ‘येते’ म्हणाली. दिवाळीपासून मी रोज पॅसेंजरला स्टेशनवर हजर. आई म्हणते, जातोसच तर चहाची किटली तरी घेऊन जा. हसू दे तिला.

लोभ धाडत जा. रागाचा साठा इकडे भरपूर आहे.

तुझा,
जयराम


लेस्टर,
३० जानेवारी १९७८

चि. जयरामास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

भांडले नाही रे. शाळेत गेले आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं, की आमच्याकडे निघताना ‘जातो’ म्हणणं अशुभ. ‘येतो’ हा नुसता निरोप, वायदा नव्हे. बाई आधी ओशाळल्या, मग हसत सुटल्या. सुगत आपल्याच वर्गात राहिला.

पण त्यांनी एक विचारलं: मग तुमच्यात खरंच परत येणारा कोण, हे ओळखायचं कसं? म्हटलं, भावाला विचारून कळवते, त्याचा अभ्यास चालू आहे.

वेळेवर जेवत जा. आईला नमस्कार.

तुझी,
ताई


नाशिकरोड,
१२ फेब्रुवारी १९७८

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

सुगत वर्गात राहिला म्हणून आईनं गल्लीभर साखर वाटली.

बाईंना कळव, ओळखता येत नाही. परवा पॅसेंजरमधून सुमनचे मामा उतरले. मला बघून खूश झाले, म्हणाले बरं झालं भेटलास, आणि तिच्या लग्नाची पत्रिका तिथंच हातात ठेवली.

काल स्टेशनवर गेलो नाही. मग डोक्यात आलं, कॉलेजातून निघताना मी सरांना रागानं ‘जातो’ म्हणालो होतो, चांगलं ओरडून. ‘येते’ म्हणून गेलेली येत नसेल, तर ‘जातो’ म्हणून गेलेल्यानं यायला काय हरकत आहे? जूनमध्ये परत कॉलेजात नाव घालतोय.

सुगतला पापा. माया पातळ करू नकोस.

तुझा,
जयराम