चेंडूला डाग पडत नाही

सर, यंदा आमच्या रोबोने तुमचं ऐकलं आणि आम्ही हरत गेलो. हे तुम्हाला समोर बसून सांगायला हवं होतं, पण तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की आता सांगायचं ते असंच, कागदावर. रोबो म्हणजे काय ते तुम्हाला फार समजावावं लागणार नाही. मोटारी, पट्ट्या, नटबोल्ट, थोडी वायरिंग आणि एका मुलीच्या हातात रिमोट. तुमच्या वर्कशॉपमध्ये शिकलेल्या माझ्यासारखीला त्यात अनोळखी असं थोडंच होतं. आता मी इथेच, रत्नागिरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवते आणि मुलांना घेऊन या स्पर्धांना जाते.

यंदाचा खेळ असा. खांबांवर स्पंजचे चेंडू ठेवलेले. रोबोने ते काढायचे आणि मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या पेटीत घालायचे. वेळ संपली की पेटीतले चेंडू मोजायचे. तुम्ही असता तर हात पाठीमागे बांधून प्रत्येक रोबोभोवती एक फेरी मारली असतीत, म्हणून सांगते. कोल्हापूरच्या मुलांच्या रोबोला दोन फिरती चाकं होती. चेंडू त्यांच्यात सापडला की बंदुकीतून सुटल्यासारखा उडायचा. निम्मे बाहेर जायचे, एक तर परीक्षकांच्या चहात पडला, पण उरलेले निम्मेही पुष्कळ होते. पुण्याच्या शाळेचा रोबो देखणा. कॅमेऱ्याने स्वतःच चेंडू शोधायचा, आवाज नाही, धडपड नाही. फक्त खिडकीतून ऊन आत आलं की बिचारा गोंधळायचा आणि रिकाम्या खांबापुढे जाऊन उभा राहायचा. मला सगळ्यांत आवडला चिपळूणचा. तो काही उचलायचाच नाही. खांबाला हलकेच धक्का, चेंडू खाली, आणि मग केर भरायच्या सुपलीसारख्या पत्र्याने सगळे एकदम ढकलत पेटीच्या उतारावरून आत. दिसायला अगदी गबाळा. तुम्ही त्याच्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबला असतात, हे मी पैजेवर सांगते.

आणि आमचा. आमच्या मुलांनी झेला केला. लांब काठी, टोकाला जाळी, आंबे काढतात तोच, फक्त मोटारीवर चालणारा. चेंडू जाळीत अलगद यायचा, रोबो रमतगमत पेटीपर्यंत जायचा, काठी वाकवायचा आणि चेंडू तळाशी ठेवायचा. ठेवायचा, सर. दुसरा त्याच्या शेजारी. खालचा थर भरला की मग वरचा. आमचा एकही चेंडू कधी बाहेर पडला नाही आणि एकही सामना आम्ही जिंकलो नाही.

कोल्हापुरात झालेल्या फेरीत एका परीक्षकांनी आमच्या कॅप्टनला विचारलं, "एवढं जपून का ठेवता?" ती दहावीतली मुलगी, घरची आंब्याची कलमं आहेत. ती म्हणाली, "टाकला तं डाग पडल ना." परीक्षक हसले. तीही हसली, मग थांबली, हातातला चेंडू दाबून पाहिला आणि माझ्याकडे वळली. "मॅडम, ह्याला डाग नाय पडत." अख्खा मोसम संपत आला होता आणि ही गोष्ट आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आली नव्हती.

परतताना गाडीत मुलं एकमेकांना चिडवत होती. आंबा त्यांच्या घरचा होता, पण 'ठेवा' हा शब्द माझा होता. माझा म्हणजे तुमचा. मी आठवीत आहे. काम झालं म्हणून लोखंड घासायची कानस बाकावर फेकते. तुम्ही वर्कशॉपच्या पलीकडच्या टोकाहून येता, कानस उचलून पुन्हा माझ्या हातात देता. "फेकू नको. ठेव." मी ठेवते. "परत." घंटा होईपर्यंत मी कानस उचलते आहे, ठेवते आहे, मुलगे हसताहेत. तुम्ही रागावलेले नाही, तेच जास्त लागतं. दहावीनंतर तुम्ही मला तुमचा गुण्या दिलात, काटकोन तपासायचा. मी हात पुढे केला, तर तुम्ही तो आधी टेबलावर ठेवलात आणि म्हणालात, "आता घे." तेव्हापासून मी काही फेकलेलं नाही. आमच्या घरी भांड्यांचासुद्धा आवाज होत नाही. आणि लॅबमध्ये पहिल्या दिवसापासून मुलांना तेच सांगत आले. ती हरत होती ती माझ्यामुळे, हे मला गाडीत पहिल्यांदा कळलं, आणि फार वाईट वाटलं.

अंतिम फेरीत जायची एकच संधी उरली होती. पुढच्या वर्षी ती मुलगी शाळेत नसणार. शनिवारी तिने विचारलं, "मॅडम, जाळी काढून वाटी बसवली नि काठी झटकली, तं चेंडू लांबनंच जाईल. फेकूया?" साधा प्रश्न, पण माझ्या तोंडून हो निघेना. "रोबो मोडेल," मी म्हटलं. "नाय मोडणार." "चेंडू बाहेर जातील." "थोडे जातील." ती वाट पाहत उभी राहिली. हातातला पाना तिने बोलता बोलता टेबलावर ठेवला होता, जराही आवाज न करता. तो बघितला आणि मी म्हटलं, "फेका."

मिरजोळ्याच्या एका वर्कशॉपमधून पट्टी वाकवून आणली. सामन्यात पहिला चेंडू छताच्या पंख्याला लागला. दुसरा पेटीत गेला, तिसराही गेला, आणि मग मी बघायचंच सोडून दिलं, मुलांच्या ओरडण्यावरून कळत होतं. अंतिम फेरीसाठी निवडलेल्यांच्या यादीत सगळ्यांत शेवटचं नाव आमचं होतं. पहिलं चिपळूणचं, हे तुम्हाला सांगायला नकोच. मुलं नाचली. मला सुटल्यासारखं वाटलं, सर, अगदी खांद्यावरचं काहीतरी कोणी उतरवून घेतल्यासारखं. इतकी वर्षं मनात धास्ती होती की एकदा फेकलं की तुम्ही जाल, माझ्यात जे थोडे उरला आहात तेही. तसं काही झालं नाही.

हे पत्र माझ्याच कपाटात राहणार, त्यामुळे एक गोष्ट सांगून टाकते. काल शाळा सुटल्यावर लॅबमध्ये मी एकटीच होते. मी कानस घेतली आणि टेबलावर फेकली. मुद्दाम. केवढा आवाज झाला. मी दाराकडे बघत उभी राहिले. कोणी आलं नाही. मग ती उचलली आणि ठेवली. 'परत' म्हणायला कोणी नव्हतं, तरी मी पुन्हा एकदा उचलून ठेवली.